पतसंस्थेचा अहवाल पाठपोट छापून मधोमध पिन: पीडीएफच्या पानांचा क्रम टर्मिनलातून कसा लावायचा?

गंगावेस_चौक

नमस्कार मंडळी. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल छापायचा आहे. सभा ३० सप्टेंबरच्या आत, म्हणजे हाताशी दिवस थोडेच.

फाईल एकच, ५० पानांची पीडीएफ, सगळी पानं ए५ उभी. पान १ मुखपृष्ठ, २ त्याची आतली बाजू, ४९ मलपृष्ठाची आतली बाजू, ५० मलपृष्ठ. मधली ३ ते ४८ ही अहवालाची पानं, त्यांच्यावर खाली मधोमध १ ते ४६ असे आकडे छापलेले. ताळेबंद फाईलच्या २३ आणि २४ व्या पानावर आहे, देणी एकावर आणि मालमत्ता दुसऱ्यावर. ही दोन पानं समोरासमोर आलीच पाहिजेत, नाहीतर सभेत पहिला प्रश्न त्यावरच येणार.

आतली पानं ए४ कागदावर आडवी, एका बाजूला दोन अशी पाठपोट छापून मधे घडी घालायची आणि घडीवर दोन पिना मारायच्या. कव्हर जाड कागदावर वेगळं. प्रती ६००. प्रिंटर ए४ लेसर, पाठपोट आपोआप छापतो. मशीनवर उबंटू २२.०४ आहे. डीटीपीची मूळ फाईल मिळणार नाही, जे करायचं ते पीडीएफवरच.

एका जुन्या लेखात 'पीडीएफबुक' नावाची कमांड दिलीय, ती इथे सापडतच नाही. पानांचा क्रम हाताने मांडायला बसलो तर चूक होणार हे नक्की. कोणी नीट सांगेल काय?

रंकाळा_टर्मिनल

'पीडीएफबुक' सापडणार नाही. 'पीडीएफजॅम' या पानं मांडणाऱ्या कमांडच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्या सोबतच्या छोट्या कमांडी मूळ संचातून काढून टाकल्यात. पण तेच काम पीडीएफजॅमचा 'बुकलेट' पर्याय करतो. दोन पॅकेज टाका: 'क्यूपीडीएफ' (पीडीएफची पानं काढायला-जोडायला) आणि 'टेक्सलाइव्ह-एक्स्ट्रा-युटिल्स'. पीडीएफजॅम दुसऱ्यात येतं. ते आतून लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचं 'पीडीएफपेजेस' वापरतं, म्हणून डाउनलोड मोठा आहे, घाबरू नका.

खाली कमांडी देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलात सगळं रोमन अक्षरांत, लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टंका. देवनागरी २४ त्याला कळत नाही. फाईलच्या नावात मोकळी जागा नको.

आधी कव्हर बाजूला काढा:

क्यूपीडीएफ अहवाल.पीडीएफ --पेजेस . १,२,४९,५० -- कव्हर.पीडीएफ

तो एकटा टिंब म्हणजे 'हीच फाईल'. शेवटच्या दोन रेघांनी पानांची यादी संपते. त्या विसरलात तर तो पुढचं नावही यादीतलंच समजतो आणि एरर देतो.

आता आतली ४६ पानं. घडी घातलेल्या एका कागदावर चार पानं बसतात, म्हणून एकूण संख्येला ४ ने भाग गेला पाहिजे. ४६ ला जात नाही, ४८ ला जातो. दोन कोरी पानं लागणार. पीडीएफजॅमवर सोडलं तर ते दोन्ही कोरी शेवटी ढकलतं, आणि तुमची अडचण तिथेच आहे. फाईलचं २३ वं पान आतल्या मोजणीत २१ वं. विषम पान नेहमी उजवीकडे येतं, म्हणजे देणी उजवीकडे आणि मालमत्ता पान उलटल्यावर मागे. समोरासमोर हवं तर पहिलं पान सम पाहिजे. म्हणून एक कोरं ताळेबंदाच्या आधी आणि एक शेवटी:

पीडीएफजॅम अहवाल.पीडीएफ '३-२२,{},२३-४८,{}' --पेपर ए५पेपर --आउटफाईल आतली.पीडीएफ

रिकामा महिरपी कंस म्हणजे कोरं पान. यादी एकेरी अवतरणात ठेवा. मोजून बघा: २० पानं, १ कोरं, २६ पानं, १ कोरं, एकूण ४८. ताळेबंद आता २२-२३ वर, समोरासमोर. दोन्ही कोरी त्याच्या आधी टाकली असती तर तो २३-२४ वर गेला असता, म्हणजे पुन्हा तीच रड.

मग मांडणी:

पीडीएफजॅम आतली.पीडीएफ --बुकलेट ट्रू --लँडस्केप --पेपर ए४पेपर --आउटफाईल छपाई.पीडीएफ

पीडीएफइन्फो चालवून बघा, 'छपाई'त २४ पानं दिसली पाहिजेत: १२ कागद, प्रत्येकी दोन बाजू. क्रम असा येतो: पहिल्या कागदावर पुढे ४८ आणि १, मागे २ आणि ४७. दुसऱ्यावर पुढे ४६ आणि ३, मागे ४ आणि ४५. असं करत बाराव्यावर पुढे २६ आणि २३, मागे २४ आणि २५. शेजारच्या दोन पानांची बेरीज कायम ४९. कुठल्याही जोडीची बेरीज चुकली तर तिथेच थांबा. एक सावधगिरी: कोऱ्या पानावर आकडा नाही, त्यामुळे ताळेबंदापासून पुढे छापलेला आकडा खऱ्या स्थानापेक्षा एकाने कमी दिसेल. तिथून बेरीज करताना तेवढं धरा. अनुक्रमणिका छापलेल्या आकड्यांवर असल्यामुळे ती बरोबरच राहते.

कव्हरलाही हीच कमांड. चारच पानं, म्हणून पुढे ५० आणि १, मागे २ आणि ४९.

छापताना:

एलपी -ओ साइड्स=टू-साइडेड-शॉर्ट-एज -ओ मीडिया=ए४ -ओ प्रिंट-स्केलिंग=नन छपाई.पीडीएफ

सगळ्यात जास्त कागद वाया जातो तो 'शॉर्ट-एज'च्या (आखूड कडेने उलटणं) जागी 'लाँग-एज' (लांब कडेने) राहिल्याने. आडव्या कागदावर लाँग-एज ठेवलं की मागची बाजू डोकं खाली पाय वर येते. आधी '-पी १-४' (हा पी तेवढा मोठ्या लिपीतला) लावून दोनच कागद काढा, घडी घाला, पानं उलटून बघा. ते जमलं की मगच '-एन' ने प्रती वाढवा.

ताव_घडी (शाहूपुरी)

वरचं सगळं बरोबर आहे, पण ६०० प्रती ऑफिसच्या लेसरवर काढणार असाल तर आधी हिशेब घाला. आतले १२ कागद गुणिले ६०० म्हणजे ७२०० ए४, म्हणजे साडेचौदा रीम, वर वायाचा कागद वेगळा. साध्या टेबलावरच्या प्रिंटरला हे झेपत नाही. पाठपोट छपाईत कागद दोनदा तापतो, आणि या दिवसांत आपल्याकडची हवा ओलसर. ओल धरलेला कागद पहिल्या फेरीत वाकतो आणि दुसऱ्या फेरीत अडकतो. रीमचं वेष्टन वापरायच्या वेळीच फोडा, उरलेला कागद पुन्हा गुंडाळून ठेवा. ५० प्रती असत्या तर काही म्हणालो नसतो.

ऑफसेटला देणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लावलेली 'छपाई' फाईल देऊ नका. साधी, ओळीने १ ते ४८ अशी 'आतली' फाईल द्या. मांडणी मशीनच्या कागदावर ठरते. २५ बाय ३६ इंची ताव अर्धा केला की १८ बाय २५ मिळतो, त्यावर एका बाजूला ए५ची आठ पानं बसतात, पाठपोट सोळा. म्हणजे ४८ पानांचे १६ पानी तीन फर्मे (फर्मा म्हणजे एका कागदावर छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा), एक रंग धरला तर सहा प्लेटा, आणि १८ बाय २५ चे १८०० कागद अधिक वाया. ग्रिपरची (मशीन कागद पकडतं ती) जागा, कटिंगची जागा प्रेसवालाच सोडतो. तुमची आधीच लावलेली फाईल त्याला पुन्हा सोडवत बसावी लागते.

सोळा पानी फर्म्याची मांडणी अशी. एका बाजूला खालची ओळ डावीकडून ४, १३, १६, १ आणि तिच्या डोक्याला डोकं लावून, म्हणजे उलटी, वरची ओळ ५, १२, ९, ८. दुसऱ्या बाजूला खाली २, १५, १४, ३, वर उलटी ७, १०, ११, ६. शेजारच्या जोडीची बेरीज इथेही १७. पाठ करायची गरज नाही: कुठलाही कागद तीनदा दुमडा, पेन्सिलीने पानांवर आकडे घाला, उघडा. डमी कधी खोटं बोलत नाही.

पण मधोमध पिन असेल तर फर्मे एकात एक जातात, आणि मोठी गफलत इथे होते. पिनेच्या पुस्तिकेत पहिल्या फर्म्यात १ ते ८ आणि ४१ ते ४८, दुसऱ्यात ९ ते १६ आणि ३३ ते ४०, तिसऱ्यात १७ ते ३२. पाठीला डिंक लावायचा असेल किंवा शिवायचं असेल तर फर्मे एकाखाली एक येतात: १-१६, १७-३२, ३३-४८. पीडीएफजॅमचा '--सिग्नेचर १६' हा पर्याय दुसऱ्या प्रकारासाठी आहे. तो लावून तिन्ही गठ्ठे एकात एक घातलेत तर पान ८ च्या पुढे थेट १७ येतं.

कव्हरबद्दल. ए४ कागदाचे तंतू सहसा लांबीच्या दिशेने असतात, तुमची घडी रुंदीच्या दिशेने, म्हणजे तंतूंना आडवी. ७० जीएसएमला फरक पडत नाही. २५० जीएसएमचं आर्ट कार्ड मात्र घडीवर फाटल्यासारखं तडकतं, रंग उडतो. आधी क्रीझिंग (घडीच्या रेघेवर दाबून खाच) मारून मग घडी. आणि कव्हरचा रंग काठापर्यंत असेल तर ए४वर जमणारच नाही, लेसर चारी बाजूंनी सुमारे ४ मिमी कोरं सोडतो. डिजिटलवाल्याकडे बारा-अठरा इंची कागदावर अशी दोन कव्हरं बसतात: ३०० कागदांत ६०० कव्हरं.

मंगळवार_पेठ_०७

मधेच विचारतो. आमच्या तालमीची २४ पानांची छोटी पुस्तिका आहे, १०० प्रती. प्रिंटर एकाच बाजूने छापतो. मागची बाजू हाताने कागद उलटून काढायची तर क्रम कसा सांभाळायचा?

रंकाळा_टर्मिनल

@मंगळवार_पेठ_०७ भावा, अख्खी प्रत एकदम काढू नकोस. सगळ्या पुढच्या बाजू, मग सगळ्या मागच्या, असं '-ओ पेज-सेट=ऑड' आणि 'इव्हन' ने जमतं, पण प्रिंटरने एकदा जरी दोन कागद एकत्र ओढले तर तिथून पुढची प्रत्येक मागची बाजू एकेका कागदाने सरकते. ते कळतं पिन मारताना.

त्यापेक्षा एका वेळी एकच बाजू. मांडणी केलेल्या फाईलचं पान १:

एलपी -पी १ -एन ५० छपाई.पीडीएफ

गठ्ठा उलटून ट्रेमध्ये, मग '-पी २ -एन ५०'. गठ्ठ्यातले सगळे कागद सारखेच असल्यामुळे दोन एकत्र गेले तरी एखादा कोरा राहतो, क्रम बिघडत नाही. २४ पानं म्हणजे ६ कागद, १२ बाजू. ५०-५० च्या दोन फेऱ्या. गठ्ठा कुठल्या कडेने उलटायचा ते प्रत्येक प्रिंटरचं वेगळं: एका कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण करून एकदा चालवून बघ आणि जे जमलं ते ट्रेवर चिकटपट्टी लावून लिहून ठेव.

गंगावेस_चौक

@ताव_घडी दादा, ऑफसेटचा हिशेब पटला, पण वेळ पाहता बहुतेक झेरॉक्सच्या मोठ्या मशीनवरच जाईल, राजारामपुरीत. आणखी दोन गोष्टी निघाल्या.

एक, ऑडिटरचा सही-शिक्क्याचा अहवाल स्कॅन करून आलाय. ६ पानं, ए४. फीडरमधून आधी पुढच्या बाजू, मग गठ्ठा उलटून मागच्या, अशा दोन फाईली: पहिलीत १, ३, ५ आणि दुसरीत ६, ४, २. आत्ता अहवालात जे टंकलेलं ऑडिट आहे, फाईलची ३५ ते ४० पानं, त्याच्या जागी हे घालायचं.

दोन, संचालक मंडळाच्या फोटोंची दोन पानं ४३-४४ वर आहेत. ती ताळेबंदाच्या आधी आणली तर ताळेबंद बरोबर मधल्या घडीवर, २४-२५ वर येतो असं लक्षात आलं. करू काय?

उद्यमनगर_लिनक्स

स्कॅनचं आधी. क्यूपीडीएफला एकाआड एक पान घ्यायला सांगता येतं:

क्यूपीडीएफ --एम्प्टी --कोलेट --पेजेस पुढची.पीडीएफ मागची.पीडीएफ झेड-१ -- ऑडिट.पीडीएफ

'झेड' म्हणजे शेवटचं पान, 'झेड-१' म्हणजे शेवटून पहिल्यापर्यंत. दुसऱ्या फाईलचा उलटा क्रम तिथेच सुलटा होतो. मग मूळ अहवालात बदली:

क्यूपीडीएफ --एम्प्टी --पेजेस अहवाल.पीडीएफ १-३४ ऑडिट.पीडीएफ १-६ अहवाल.पीडीएफ ४१-झेड -- अहवाल२.पीडीएफ

६ च्या जागी ६, म्हणून एकूण ५० च राहतात आणि वरची सगळी गणितं तशीच लागू. फक्त स्कॅनवर पान क्रमांक नसेल: ३३ ते ३८ हे छापलेले आकडे गायब होतील. अनुक्रमणिकेत ऑडिटचं पान ३३ लिहिलेलं असेल तर ते मोजून सापडेल, चालतं. ए४ स्कॅन ए५वर बसवताना अक्षर सुमारे ७१ टक्के होतं. ऑडिटरचं १० पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटचं होणार, म्हणून स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नको. 'पीडीएफइन्फो -एफ १ -एल ५०' चालवलं की प्रत्येक पानाचं माप दिसतं. ए५ म्हणजे ४२० बाय ५९५ पॉइंट, ए४ म्हणजे ५९५ बाय ८४२. क्यूपीडीएफ माप बदलत नाही. पुढच्या पायरीला पीडीएफजॅम ते ए५वर बसवतं.

फोटो हलवायचं मात्र करू नका. त्या पानांवर ४१ आणि ४२ छापलेलं आहे. ती २० नंतर आली की सभासदाला २०, ४१, ४२, मग २१ असं दिसणार आणि पुढे ४० नंतर ४३. पानं गाळली असा संशय यायला तेवढं पुरे. मधल्या घडीचा फायदा खरा आहे, दोन्ही पानं एकाच कागदावर येतात आणि आडव्या रेघा तंतोतंत जुळतात. पण २२-२३ वर अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक पडला म्हणून ताळेबंद जुळत नाही असं कोणी म्हणत नाही.

२१ व्या जागी येणारं ते कोरं पान तसंच कोरं ठेवू नका. तिथे 'सभासदांच्या सूचना' असं शीर्षक आणि खाली रेघा असलेलं एक ए५ पान लिब्रेऑफिसमध्ये करून टाका. कोरं पान उजवीकडे आलं की छपाई राहिली असं वाटतं.

आणि सगळ्यात आधी हे चालवा:

पीडीएफफॉन्ट्स अहवाल.पीडीएफ

'ईएमबी' रकान्यात प्रत्येक फॉन्टसमोर 'येस' पाहिजे. आपल्याकडचे अहवाल अजून श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या जुन्या फॉन्टात होतात. ते पीडीएफमध्ये भरलेले नसतील तर तुमच्या पडद्यावर मराठी आणि झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी. तिथे 'नो' असेल तर कुठलीही मांडणी उपयोगाची नाही, ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथूनच पीडीएफ पुन्हा काढून आणावी लागते. 'यूएनआय' रकान्यात 'नो' दिसलं तर सोडून द्या. मजकूर शोधता येणार नाही एवढंच, छपाईला बाधा नाही.

कोणी पीएसबुकची (पोस्टस्क्रिप्ट फाईलची पानं लावणारी कमांड) वाट सुचवली तर त्या वाटेला जाऊ नका. पोस्टस्क्रिप्टमध्ये जाऊन परत येताना पारदर्शक छटा सपाट होतात आणि फाईल फुगते.

ताव_घडी (शाहूपुरी)

झेरॉक्सच्या मशीनवर जाणार असाल तर हे सांगायचं राहिलं. त्या मशीनच्या प्रिंट सेटिंगमध्ये स्वतःचं 'बुकलेट' बटण असतं. तुम्ही लावलेली 'छपाई' फाईल दिली आणि त्याने सवयीने ते बटण चालू ठेवलं की मांडणीवर मांडणी होते: एका कागदावर चार बारीक पानं, क्रमाचा पत्ता नाही. एकच काय ते ठरवा. लावलेली फाईल असेल तर बुकलेट बंद, शॉर्ट-एज, माप १०० टक्के. 'फिट टू पेज' सुद्धा बंद, नाहीतर पान थोडं आकसतं आणि घडी मजकुराच्या मधोमध येत नाही.

पहिली एक प्रत समोर उभं राहून काढून घ्या, घडी घाला, ४८ ही पानं उलटा.

पिन मारताना ए५च्या २१० मिमी उंचीत वरून आणि खालून साधारण ५२ मिमीवर एकेक. १२ कागद आणि कव्हर, एवढ्याला २४/६ ची पिन पुरते, पण लांब हाताचा स्टेपलर लागतो, साधा मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. घडी घातल्यावर आतला कागद बाहेरच्यापेक्षा सव्वा मिलिमीटरच्या आसपास पुढे येतो. पुढची कड कापायची असेल तर पिन मारल्यावरच कापा, आणि बाहेरचं मार्जिन ८ मिमीपेक्षा कमी असेल तर कटरवाल्याला आधी सांगा की मधल्या पानांचा मजकूर काठाला आहे. ताळेबंदाच्या आकड्यांचा शेवटचा रकाना नेमका तिथेच असतो.

गंगावेस_चौक

पीडीएफफॉन्ट्स चालवलं. सात फॉन्ट आहेत, सहांसमोर येस, एकासमोर नो. तो फक्त मुखपृष्ठावरच्या संस्थेच्या नावाला वापरलाय.

उद्यमनगर_लिनक्स

मग आतल्या पानांची छपाई आजच सुरू करायला हरकत नाही. तेवढं एक पान ३०० डीपीआय चित्र करून घ्या, पण ज्या मशीनवर नाव बरोबर दिसतं तिथेच:

पीडीएफटूपीपीएम -आर ३०० -एफ १ -एल १ -पीएनजी अहवाल.पीडीएफ मुख

त्यातून नाव मुख-०१ असलेली पीएनजी फाईल मिळेल. ती लिब्रेऑफिसच्या ए५ पानावर मार्जिन शून्य ठेवून काठोकाठ बसवा, पीडीएफ काढा आणि कव्हरच्या पान १ च्या जागी घाला. तुमच्या उबंटूवर तो फॉन्ट नसेल तर तिथे चालवून फायदा नाही, चुकीचीच अक्षरं चित्रात येतील.

गंगावेस_चौक

इथे नाव चौकोन-चौकोन दिसतंय, डीटीपीवाल्याच्या मशीनवर बरोबर. म्हणजे ते एक पान तिकडूनच आणतो. आतली १२ कागदांची नमुना प्रत काढली, शॉर्ट-एज बरोबर बसलं, ताळेबंद समोरासमोर आहे.

रंकाळा_टर्मिनल

नमुन्यात कागद ७ ची मागची बाजू एकदा बघा. तिथे डावीकडे आतल्या मोजणीतलं १४ आणि उजवीकडे ३५ आलं पाहिजे. ३५ वर छापलेला आकडा ३४ असेल, ते पान ऑडिटच्या स्कॅनमध्ये गेलं असेल तर आकडा नसेलच. तिथे ऑडिटचं दुसरं पान दिसलं की स्कॅनची दुसरी फाईल सुलटी झाली म्हणून समजा.